तासाला ३६ सेकंद : बिनतारी सेन्सर वेळेच्या मर्यादेत बसवताना आलेला अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे वर्कशॉप आहे. करवीर तालुक्यात भोगावतीकाठी असलेल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेसाठी आम्ही नदीची पातळी आणि उसाच्या रानातील ओल मोजणारे, बॅटरीवर चालणारे नोड, म्हणजे मोजमाप बिनतारी पाठवणारी छोटी यंत्रे, तयार केले होते. ते व्यवस्थित चालू असतानाच पुण्यातील एका कंपनीने हेच यंत्र युरोपात पाठवण्यासाठी मागितले. खोके, सेन्सर, अँटेना यांत फारसे काही बदलावे लागणार नव्हते. बदलावी लागणार होती ती यंत्राची बोलण्याची सवय, कारण एका तासात एकूण किती वेळ रेडिओ चालू ठेवायचा याला तिकडे कायद्याने मर्यादा आहे आणि आपल्याकडे ती नाही.

आपल्याकडचा नियम आधी सांगते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढला. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, या त्यातील मुख्य अटी आहेत. परवाना लागत नसला तरी उपकरणाला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता लागते आणि ती ‘सरल संचार’ पोर्टलवरून मिळते. एकमेकांना अडथळा आणायचा नाही आणि आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही, एवढ्या समजुतीवर हा पट्टा सगळे वापरतात. वेळेचा प्रश्न या नियमांत येतच नाही. आमचे नोड लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ तंत्राने बोलतात आणि त्यावर जाळे उभे करण्याची पद्धत म्हणजे लोरावॅन. तिच्या भारतीय आराखड्यातही ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या तीन मूळ वाहिन्या दिल्या आहेत, परंतु ड्यूटी सायकलची, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ प्रक्षेपण चालू असावे याची, मर्यादा घातलेली नाही.

युरोपात ८६३ ते ८७० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचे तुकडे पाडलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी मर्यादा आहे. ८६८.० ते ८६८.६ मध्ये एक टक्का, ८६८.७ ते ८६९.२ मध्ये ०.१ टक्का आणि ८६९.४ ते ८६९.६५ या अरुंद पट्टीत दहा टक्के. ज्यांना ही मर्यादा नको असेल त्यांच्यासाठी बोलण्याआधी ऐकण्याची, म्हणजे वाहिनी मोकळी आहे का हे तपासून मगच प्रक्षेपण करण्याची, दुसरी वाट प्रमाणकात ठेवली आहे. पण आमच्या यंत्राला एक टक्क्याचाच मार्ग सोयीचा होता. हिशेब एका तासावर धरला जात असल्यामुळे एक टक्का म्हणजे तासाला ३६ सेकंद. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. लोरावॅनच्या युरोपीय आराखड्यातील ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ या तिन्ही मूळ वाहिन्या एकाच तुकड्यात येतात. त्यामुळे ३६ सेकंद प्रत्येक वाहिनीला वेगळे मिळत नाहीत, तिघींत मिळून एकदाच मिळतात.

पहिले काम होते ते एका संदेशाला हवेत किती वेळ लागतो हे काढण्याचे. लोरामध्ये हा वेळ स्प्रेडिंग फॅक्टरवर (एसएफ), म्हणजे माहितीचे प्रत्येक चिन्ह किती ताणून पाठवायचे या आकड्यावर, अवलंबून असतो. १२५ किलोहर्ट्झ रुंदीला एसएफ ७ वर एक चिन्ह १.०२४ मिलिसेकंदांत जाते, तर एसएफ १२ वर त्याच एका चिन्हाला ३२.७६८ मिलिसेकंद लागतात. एसएफ जितका मोठा तितका पल्ला लांब, आणि बोलणेही तितकेच लांबलेले. संस्थेच्या सोयीसाठी आम्ही मोजमापे जेसन पद्धतीच्या वाचता येणाऱ्या मजकुरात पाठवत होतो. तो मजकूर ४८ बाइटचा होता आणि त्यावर लोरावॅनचे स्वतःचे १३ बाइट चढत होते. एसएफ १२ वर हा संदेश २.७९ सेकंद हवेत राहतो. मागणी दर मिनिटाला एका संदेशाची होती. म्हणजे तासाला सुमारे १६८ सेकंद, साडेचार टक्क्यांहून अधिक. भोगावतीकाठी हे बेकायदा नव्हते, पण जर्मनीत ते बाजारात आणताच आले नसते.

मजकूर आखूड करण्याचा भाग मला सर्वांत रंजक वाटला, कारण त्यात गणित सरळ रेषेत चालत नाही. एसएफ १२ वर लोरा चिन्हे एकेक करून वाढवत नाही, पाच-पाचच्या गटांनी वाढवते. त्यामुळे लोरावॅनमध्ये ८ बाइटचा मजकूर आणि १२ बाइटचा मजकूर दोन्ही सारखाच वेळ घेतात : १.४८ सेकंद. ८ वरून ७ वर आलात की मात्र एक गट गळतो आणि वेळ १.३२ सेकंदांवर येतो. हे कळल्यावर आम्ही ७ बाइटांचेच ध्येय ठेवले. यंत्राचा क्रमांक काढून टाकला, कारण तो लोरावॅनच्या पत्त्यात असतोच. वेळही काढली, कारण ती गेटवे, म्हणजे सगळ्या नोडचे संदेश झेलून पुढे पोहोचवणारे यंत्र, स्वतः नोंदवतो. नदीच्या पातळीला मिलिमीटरमध्ये दोन बाइट दिले; पाणी चढण्याचा वेग, ओल, तापमान, बॅटरी आणि स्थिती यांना प्रत्येकी एक. तापमान अर्ध्या अंशाच्या पायरीने पाठवले तर एका बाइटात मावते, आणि उसाच्या रानात दशांश अंशाची कोणाला गरज नसते. या बदलानंतर सर्वांत वाईट परिस्थितीतही तासाला २७ संदेश मर्यादेत बसू लागले. पूर्वीच्या मजकुराचे १२ बसत होते.

ओघाने अमेरिकेचाही नियम पाहिला. तेथे मर्यादा तासाची नाही, एका वाहिनीवर एका वेळी थांबण्याची आहे : ४०० मिलिसेकंद. म्हणून तेथे १२५ किलोहर्ट्झवर एसएफ १० च्या पुढे जाताच येत नाही, आणि एसएफ १० वर मजकुराची कमाल लांबी ११ बाइट ठरवली आहे. ११ बाइटला ३७१ मिलिसेकंद लागतात आणि बारावा बाइट घातला की ४१२ होतात. आकडा ११ च का, हे स्वतः हिशेब करून पाहिल्यावर जसे पटते तसे तक्ता वाचून पटत नाही.

त्यानंतर पावत्यांचा प्रश्न आला. प्रत्येक संदेशाची पोच गेटवेने द्यावी असे पुण्याच्या कंपनीचे म्हणणे होते. पण गेटवेही त्याच कायद्याखाली येतो. एसएफ १२ वर रिकामी पावतीसुद्धा जवळपास एक सेकंद घेते, म्हणजे ८६८ च्या तुकड्यात एक गेटवे सगळ्या नोडना मिळून तासाला जेमतेम ३६ पावत्या देऊ शकतो. संदेश पाठवल्यावर नोड उत्तरासाठी दोनदा थोडा वेळ ऐकतो; त्यांतील दुसऱ्या वेळेसाठी, म्हणजे दुसऱ्या ग्रहण-खिडकीसाठी, युरोपात ८६९.५२५ मेगाहर्ट्झ ही दहा टक्क्यांच्या पट्टीतील वाहिनी ठेवली आहे, ती याच अडचणीवर उतारा म्हणून. तरीही गेटवे बोलत असतो त्या वेळी त्याला ऐकू येत नाही. एका नोडला पावती देताना इतरांचे संदेश बुडतात. शेवटी नेहमीच्या नोंदींना पावती नाही आणि फक्त धोक्याच्या इशाऱ्याला आहे, यावर एकमत झाले.

मर्यादा पाळायची कशी, याच्या दोन रीती आहेत. सोपी रीत अशी की प्रत्येक संदेशानंतर त्याच्या ९९ पट वेळ गप्प राहायचे, १.३२ सेकंदांच्या संदेशानंतर सुमारे १३१ सेकंद. यात चूक काही नाही, परंतु नेहमीची नोंद नुकतीच गेली असेल आणि त्याच क्षणी पाणी झपाट्याने चढू लागले तर इशाऱ्याला दोन मिनिटे थांबावे लागते. म्हणून आम्ही दुसरी रीत घेतली. मागील एका तासाचे पाच-पाच मिनिटांचे बारा कप्पे केले, प्रत्येकात किती मिलिसेकंद बोललो ते लिहिले आणि बेरीज ३६ सेकंदांच्या आत ठेवली. त्यातही नेहमीच्या नोंदींना २४ सेकंदच वापरू दिले. उरलेले १२ सेकंद इशाऱ्यासाठी राखून ठेवले, म्हणजे एसएफ १२ वरही लागोपाठ नऊ इशारे जातात.

ही व्यवस्था घेऊन चाचणीसाठी प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा तेथील अभियंत्याने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो : “बॅटरी काढून परत घातली तर तुमचा हिशेब शून्यावरून सुरू होतो का?” कप्पे साध्या स्मृतीत असतील तर होतोच. मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहावे, तर तिची एक जागा साधारणपणे दहा हजार वेळा पुसून लिहिण्याची हमी असते. तासाला एकच नोंद धरली तरी वर्षाला ८,७६० वेळा लिहावे लागते आणि सव्वा वर्षाच्या आत ती जागा निकामी होण्याच्या वाटेवर येते. म्हणून एफरॅमची, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या आणि वारंवार लिहूनही न झिजणाऱ्या स्मृतीची, छोटी चिप घातली. वीज गेलेल्या काळात किती वेळ लोटला हे यंत्राला समजत नाही, तेव्हा काहीच वेळ लोटला नाही असे धरायचे, असे ठरवले. त्यामुळे बॅटरी बदलल्यावर नोड कधी कधी विनाकारण गप्प बसतो, पण मर्यादा मोडत नाही.

याच एफरॅमने दुसरा पेच सोडवला. जाळ्यात पहिल्यांदा सामील होण्याची विनंती २३ बाइटची ठरलेली असते आणि एसएफ १२ वर १.४८ सेकंद घेते. ती किती वेळा करायची यालाही लोरावॅनमध्ये उतरती मर्यादा आहे : पहिल्या तासात ३६ सेकंद, पुढील दहा तासांत मिळून ३६ सेकंद आणि त्यानंतर चोवीस तासांत फक्त ८.७ सेकंद, म्हणजे दिवसाला पाचच प्रयत्न. आमचा नोड गेटवेशी संपर्क तुटला असे वाटले की नव्याने सामील होऊ पाहत असे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यात किती गावांची वीज गेली होती हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. गावच्या पाण्याच्या टाकीवरील गेटवे एक दिवस बंद पडला तर सगळे नोड ही विनंती करत बसतील, अकरा तासांनंतर त्यांचा वाटा संपत येईल आणि गेटवे सुरू झाल्यावरही ते तासन् तास मुके राहतील. म्हणून जोडणीच्या किल्ल्या आणि क्रमांक एफरॅममध्ये जपले आणि पुन्हा सामील होणे जवळजवळ बंदच केले. गेटवे परत आला की नोड पूर्वीच्याच ओळखीवर बोलू लागतो.

मोजणीचे काम त्या मानाने सरळ होते. बॅटरीच्या वाटेत लहान रोध घालून ऑसिलोस्कोपवर विजेचा स्पंद पाहिला आणि शेजारी आरटीएल-एसडीआर या संगणकाला जोडायच्या रेडिओ-ग्राहक डोंगलवर प्रत्यक्ष लहर पाहिली. विजेचा स्पंद थोडा लांब दिसतो, कारण रेडिओ जागा होऊन स्थिर होण्याचा काळ त्यात येतो. नियमाला हवा असतो तो लहरीचा काळ. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवरही हिशेब जुळला आणि युरोपची आवृत्ती पुढे गेली.

मग प्रश्न राहिला तो भोगावतीकाठच्या यंत्रांचा. कायदा मागत नसताना त्यांना हीच मर्यादा का लावावी, असे चेअरमनसाहेबांनी विचारले. माझे उत्तर दोन भागांत होते. पहिला भाग बॅटरीचा : एसएफ १२ वरील ७ बाइटच्या संदेशाला एसएफ ७ वरील संदेशापेक्षा सुमारे तेवीस पट वेळ लागतो, आणि नोडच्या विजेचा मोठा वाटा बोलण्यातच जातो. लागवडीनंतर अँटेनाच्या बराच खाली असलेला आडसाली ऊस पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या वर जातो. मग ओल्या पाल्यातून संदेश पोहोचवण्यासाठी नोडला एसएफ वाढवावा लागतो आणि त्याच कामाला कित्येक पट वेळ लागू लागतो. दुसरा भाग सगळ्यांच्या एकाच वेळी बोलण्याचा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की काठावरचे सगळेच नोड एकदम घाई करतात आणि एकमेकांचे संदेश पाडतात. हा मुद्दा मी तांत्रिक शब्दांत मांडत असताना संस्थेच्या पाटकऱ्यांनी तो एका वाक्यात संपवला : “ताई, पाळी लावल्याबिगर पाणी सगळ्यांस्नी पुरत न्हाई, तसंच हाय की ह्ये.” दर मिनिटाला नोंद हवी हा आग्रह त्यानंतर कोणी धरला नाही.

आता येथील यंत्रेही एक टक्क्यातच बोलतात. एरवी तासाला एक नोंद जाते. पाणी चढू लागले की दर दहा मिनिटांनी, आणि जॅकवेलजवळ, म्हणजे नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीजवळ, संस्थेने ठरवलेली खूण ओलांडली की दर पाच मिनिटांनी. पाच मिनिटांच्या हिशेबाने एसएफ १२ वर तासाला १६ सेकंदांच्या आत बोलणे होते. प्रत्येक नोडची वेळ त्याच्या क्रमांकावरून काही सेकंद मागे-पुढे सरकवली आहे, म्हणजे तासाच्या ठोक्याला सगळे एकत्र बोलत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांची बातमी सर्वांना मिळतेच, पण काठावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी त्याच्या बऱ्याच आधी काढाव्या लागतात. त्या निर्णयासाठी संस्थेचे सेक्रेटरी पातळीपेक्षा चढण्याचा वेग पाहतात. ७ बाइटांतील त्या एका बाइटावर मी सुरुवातीला काट मारणार होते; तो त्यांच्या सांगण्यावरून राहिला आणि त्याच्यासाठी जागा तापमानाचा दुसरा बाइट काढून केली.