हॉलीवूडच्या सिनेमातला अरब आणि कधीच न दिसणारी साधी माणसं

हॉलीवूडचा असा कुठलाही ॲक्शन सिनेमा आठवा ज्यात गोष्ट मधेच अरब देशात जाते. सुरुवात कशी होते? वाळवंट, उंट, मागे अजान नाहीतर एखाद्या बाईची लांबलचक करुण तान, सगळ्या फ्रेमवर पिवळट रंग चढवलेला, मग अरुंद गल्ल्या आणि त्यात कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे दाढीवाले पुरुष. अजून कुणी एक शब्द बोललेला नसतो, गोष्ट काय आहे तेही माहीत नसतं, पण बघणाऱ्याला पक्कं कळलेलं असतं की आता इथे काहीतरी भयंकर घडणार. आणि घडतंच.

मला या विषयावर खूप दिवसांपासून लिहायचं होतं, कारण यावर चर्चा सुरू झाली की ती लगेच "मग काय अरब व्हिलन दाखवायचेच नाहीत का" इथे येऊन अडकते. दाखवा की. व्हिलन कुणीही असू शकतो. माझा त्रास वेगळा आहे. व्हिलन सोडून दुसरा कुठलाच अरब पडद्यावर येत नाही, हा तो त्रास. मुलाचा डबा भरणारी आई नाही, दातांचा डॉक्टर नाही, परीक्षेला बसलेली मुलगी नाही, बायकोशी भांडून ऑफिसला निघालेला माणूस नाही. अरब लीगमध्ये २२ देश आहेत, चाळीस कोटींच्या वर लोक राहतात तिथे, इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांपासून लेबनॉनच्या मॅरोनाईट ख्रिश्चनांपर्यंत कितीतरी तऱ्हेचे, आणि त्या सगळ्यांच्या वाट्याला आले तीनच रोल: लंपट शेख, बॉम्ब घेतलेला दहशतवादी आणि मागे आरडाओरडा करणारी गर्दी. बायकांना तर त्याहून कमी, एकतर बेली डान्स नाहीतर काळ्या बुरख्यातली मुकी सावली.

हे कुणीतरी बसून मोजलंय. जॅक शाहीन नावाचे प्राध्यापक होते, अमेरिकेत जन्मलेले, घरचे मूळचे लेबनॉनचे. १९७०च्या दशकात त्यांची लहान मुलं टीव्हीवर कार्टून बघता बघता धावत येऊन म्हणाली की बाबा, टीव्हीवर वाईट अरब दाखवतायत, आणि तिथून या माणसाने पुढचं सगळं आयुष्य यात घातलं. २००१ साली 'रील बॅड अरब्स' हे त्यांचं पुस्तक आलं. मूकपटांच्या काळापासूनचे नऊशेच्या वर सिनेमे त्यांनी तपासले आणि त्यात अरब माणूस चांगल्या रूपात दिसला असे निघाले जेमतेम डझनभर, आणि पन्नासेक असे की ज्यात निदान समतोल होता. बाकी सगळे त्याच साच्यातले. २०१७ मध्ये शाहीन गेले. एवढं सगळं बघूनही त्यांनी सिनेमावर कधी बहिष्कार टाकला नाही, उलट स्टुडिओवाल्यांशी बोलत राहिले, स्क्रिप्ट वाचून सल्ले देत राहिले, 'थ्री किंग्ज' आणि 'सिरियाना' या सिनेमांना त्यांनी मदत केली. मला त्यांची ही चिकाटी फार मोठी वाटते.

हा साचा काही ९/११ नंतर तयार झालेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण बऱ्याच जणांना तसं वाटतं. १९२१ च्या 'द शेख' मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो वाळवंटातला शेख आहे, तो गोऱ्या नायिकेला पळवून नेतो, पुढे प्रेम जमतं, पण शेवटाकडे उलगडा होतो की तो मुळात अरब नाहीच, बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला हे प्रेम पचवायचं तर नायकाचं रक्तच बदलावं लागलं. १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' बघायला अप्रतिम आहे, मी नाकारणार नाही, पण त्यात प्रिन्स फैजल झालाय इंग्रज नट ॲलेक गिनेस, चेहऱ्याला रंग लावून, आणि टोळीप्रमुख औदा अबू ताई झालाय मेक्सिकोत जन्मलेला अँथनी क्विन. मुख्य नटांत ओमर शरीफ तेवढा खरा इजिप्शियन, आणि तो जगभर गाजल्यावर हॉलीवूडने त्याला काय केलं तर रशियन डॉक्टर आणि चंगीझ खान.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि मग पडद्यावरचा शेख वाळवंटातून उठून थेट बँका आणि कंपन्या विकत घ्यायला निघाला. १९७६ च्या 'नेटवर्क' मध्ये टीव्हीवरचा निवेदक अरब लोक आपला देश विकत घेतायत म्हणून गळा काढून ओरडतो ते याच काळातलं. हा सिनेमातला शेख लोकांच्या डोक्यात किती पक्का बसला होता ते एफबीआयलाही माहीत होतं बहुतेक, कारण लाचखोर राजकारणी पकडायला त्यांनी जो सापळा लावला, ॲबस्कॅम, त्यात आमिष म्हणून चक्क खोटा अरब शेख उभा केला. १९८० साली हे बाहेर आल्यावर जेम्स अबूरेझ्क या माजी सिनेटरने अरब अमेरिकन लोकांच्या हक्कांसाठी एडीसी ही संस्था काढली. पुढच्या बहुतेक निदर्शनांत याच संस्थेचं नाव दिसतं.

आता ज्या सिनेमाने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं त्याबद्दल. 'रूल्स ऑफ एंगेजमेंट', साल २०००. येमेनमध्ये अमेरिकन वकिलातीसमोर जमाव निदर्शनं करतोय, सॅम्युएल जॅक्सनचा मरीन अधिकारी राजदूताला सोडवायला येतो आणि गर्दीवर गोळीबाराचा हुकूम देतो, बायका, म्हातारे, लहान मुलं, कितीतरी माणसं मरतात. मग कोर्टमार्शल, आणि गोष्टीचा सगळा पेच हा की ती गर्दी निःशस्त्र होती का. त्यात एक लहान मुलगी आहे, एक पाय गेलेली, कुबड्यांवर चालणारी. आधी तिला बघून आपल्या पोटात कालवतं. वाटतं आता हा सिनेमा काहीतरी खरं बोलणार. आणि मग फ्लॅशबॅक येतो ज्यात तीच मुलगी बंदूक घेऊन सैनिकांवर गोळ्या झाडताना दाखवलीय, बाकीच्या गर्दीच्या हातातही शस्त्रं आहेत, म्हणजे हुकूम बरोबरच होता.

हे करण्यामागे काय विचार असेल ते बघा. एका मुलीबद्दल प्रेक्षकाला जी दया वाटली तीच चूक होती असं पटकथा आपल्याकडून कबूल करून घेते. पुढच्या वेळी बातम्यांमध्ये असं एखादं पोर दिसलं की डोक्यात आधी शंका यावी, एवढी सोय करून ठेवलेली. आणि ही गोष्ट लिहिणारे जेम्स वेब हे स्वतः अमेरिकेच्या नौदलाचे माजी मंत्री, उगाच कुणी हौशी लेखक नव्हे.

सैन्याचा विषय निघालाच आहे तर, हॉलीवूडला खरी विमानं, जहाजं, तळ वापरायला हवे असतील तर पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, स्क्रिप्ट दाखवावी लागते आणि त्यांना नको ते बदलावं लागतं. ही उघड व्यवस्था आहे, त्यासाठी तिथे रीतसर ऑफिस आहे. १९९४ च्या 'ट्रू लाईज' मधली हॅरिअर विमानं मरीन कोअरची होती. त्या सिनेमात पॅलेस्टिनी दहशतवादी इतके वेंधळे आणि इतके क्रूर एकाच वेळी आहेत की त्यांना मारताना थिएटरमध्ये हशा पिकावा. निदर्शनं झाली, तर शेवटच्या नामावलीत एक ओळ आली की हे काल्पनिक आहे आणि कुठल्या संस्कृतीचं किंवा धर्माचं चित्रण नाही. एवढा मोठा सिनेमा बघून लोक खुर्चीतून उठल्यावर ती ओळ कोण वाचणार?

पण ॲक्शन सिनेमे निदान मोठ्यांसाठी असतात. डिस्नेचा 'अलादीन' (१९९२) लहान मुलांसाठी होता. पहिल्याच गाण्यात ओळ होती की या देशात तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात, रानटी आहे पण काय करणार, घर आहे आमचं. एडीसीने आणि शाहीन यांनी पाठपुरावा केल्यावर १९९३ च्या व्हिडिओ कॅसेटमध्ये कान कापायची ओळ बदलली, रानटी हा शब्द मात्र तसाच राहिला, तो काढला गेला थेट २०१९ च्या नव्या 'अलादीन'मध्ये. आणि त्या जुन्या कार्टूनमध्ये अलादीन आणि जास्मिन अगदी अमेरिकन मुलांसारखं इंग्रजी बोलतात, गोरेपान नाकीडोळी नीटस, आणि पहारेकरी, बाजारातले दुकानदार, हात तोडायला निघालेले लोक, ते तेवढे जाड नाकाचे आणि अरबी धाटणीचं इंग्रजी बोलणारे. चार वर्षांच्या पोराला कोण आपलं आणि कोण परकं हे न सांगता समजावं अशी ही रचना.

त्या अलादीनच्या गावाचं नाव अग्रबाह. कल्पनेतलं गाव, नकाशावर कुठेच नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेने अमेरिकेत रिपब्लिकन मतदारांना विचारलं की अग्रबाहवर बॉम्ब टाकायला तुमचा पाठिंबा आहे का, आणि ३० टक्के लोक हो म्हणाले. डेमोक्रॅट मतदारांमध्येही १९ टक्के हो म्हणाले. लोकांनी तो आकडा हसण्यावारी नेला पण मला तो वाचून हसू आलं नाही, कारण त्या लोकांना त्या गावाबद्दल काहीही माहीत नव्हतं, फक्त नाव अरबी वाटत होतं, आणि तेवढं पुरलं.

"सिनेमाच तर आहे" म्हणणाऱ्यांना मी १९ एप्रिल १९९५ आठवून बघा म्हणते. ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत स्फोटात उडवली, १६८ माणसं मेली. पहिल्या काही तासांत टीव्हीवर तज्ज्ञ येऊन मध्यपूर्वेकडे बोट दाखवत होते, अरब आणि मुस्लिम अमेरिकन कुटुंबं धास्तावून घरात बसली. निघाला कोण तर टिमोथी मॅकव्हे, गोरा, अमेरिकन, सैन्यात राहिलेला. तरीही त्यानंतर गोऱ्या माजी सैनिकांकडे कुणी विमानतळावर संशयाने बघायला लागलं नाही, बघूही नये, कारण पडद्यावर लोकांनी गोरा माजी सैनिक शंभर रूपांत बघितलेला असतो, बाप म्हणून, प्रियकर म्हणून, हिरो म्हणून. रशियन व्हिलन पण असतातच की, जर्मन पण असतात, हे म्हणणं खरं आहे पण त्या लोकांच्या प्रेमकथाही बघायला मिळतात, चांगला जर्मन अधिकारीही असतो युद्धपटात. अरबांना तोलायला दुसऱ्या पारड्यात काही ठेवलेलंच नाही.

कलाकारांची ओढाताण हा आणखी एक भाग. रामी मालेक इजिप्शियन कॉप्टिक आईबापांचा मुलगा, सुरुवातीला '२४' मालिकेत आत्मघाती बॉम्बरचा रोल करून गेला. ऑस्कर मिळालं ते पडद्यावर गायक फ्रेडी मर्क्युरी झाल्यावर, आणि बाँडपटात व्हिलन व्हायची ऑफर आली तेव्हा त्याने दिग्दर्शकाला आधीच स्पष्ट सांगितलं की हा माणूस धर्माच्या नावाने मारणारा दहशतवादी असेल तर मी नाही. आता त्याच्याकडे नाव आहे म्हणून तो असं म्हणू शकला. पहिल्या ऑडिशनला आलेला पोरगा कसं म्हणणार, त्याला भाडं भरायचं असतं.

आणि हे सगळं बनवणाऱ्यांना त्या जगाबद्दल किती कमी कुतूहल असतं याचा एक जबरदस्त पुरावा २०१५ ला मिळाला. 'होमलँड' या अमेरिकन हेरगिरीच्या मालिकेने बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट लावला आणि भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून काही कलाकारांना अरबीत लिहायला बोलावलं. त्यांनी भिंतीवर लिहिलं की होमलँड वंशद्वेषी आहे. शूटिंग झालं, एडिटिंग झालं, एपिसोड टीव्हीवर गेला, तोपर्यंत कुणालाच पत्ता नाही. इतक्या मोठ्या टीममध्ये त्या भिंतीवर काय लिहिलंय हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांच्यासाठी ती अक्षरं म्हणजे नुसती भीती वाटायला लावलेली नक्षी.

थोडं बदलतंय, २०१९ ला 'रामी' ही मालिका आली, न्यू जर्सीतल्या इजिप्शियन घरातल्या एका गोंधळलेल्या मुलाची, त्यात आई आहे, बहीण आहे, चिडका मामा आहे. पण मला विचाराल तर हॉलीवूड सुधारेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा अरब लोकांनी स्वतः बनवलेले सिनेमे बघायला लागावं, ते आहेत आणि उत्तम आहेत. 'वजदा' बघा, २०१२ चा, सौदीतली दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिला फक्त सायकल हवी असते. हैफा अल मन्सूर या दिग्दर्शिकेला रस्त्यावरचे सीन व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून घ्यावे लागले, कारण पुरुषांच्या टीममध्ये उघड्यावर मिसळायची मुभा नव्हती. म्हणजे तिथल्या बंधनांवर हा सिनेमा अगदी थेट बोट ठेवतो, काही झाकत नाही, पण त्यातली आई, शाळेतली बाई, तो सायकलवाला मित्र, सगळे पूर्ण माणसं आहेत.

आणि 'थीब', २०१४, जॉर्डनचा. १९१६ चा काळ, वाळवंटातल्या भटक्या बेदुईन टोळीतला एक मुलगा, त्याचा मोठा भाऊ आणि वाट दाखवा म्हणून आलेला एक इंग्रज अधिकारी. बरंचसं शूटिंग वादी रमच्या वाळवंटात, जिथे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं शूटिंग झालं होतं तिथेच, आणि बहुतेक नट तिथलेच बेदुईन, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. इंग्रज अधिकारी इथे फार वेळ टिकत नाही आणि त्याची मोठी कामगिरी काय होती याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नाही, कॅमेरा त्या मुलाजवळ राहतो, विहीर, तहान, भावाचा राग, अनोळखी माणसावर विश्वास टाकावा की नाही याचा हिशोब, सगळं त्याच्या उंचीवरून. ऑस्करच्या शेवटच्या पाचात पोचला होता. दोन्ही सिनेमे सबटायटल्ससह मिळतात, 'थीब' आधी बघा.