एसएसआरचा लाइट बंद, तरी बॅरल तापतंय

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणजे मोठ्या कंपन्यांना, आमच्यासारख्या पॅनल वायरिंगवाल्यांचा गुरुवार राहिलेली कामं उरकण्यातच जातो. त्या दिवशी एका मोल्डिंग मशीनचा पॅनल पूर्ण करायचा होता, वायरींच्या टोकांना फेरूल, म्हणजे छोट्या नळ्या, घालून नंबर टाकायचं तेवढं बाकी होतं, आणि अकराच्या सुमाराला माझा भाचा आणि त्याच्या कॉलेजातले दोघं प्लायवूडच्या फळीवर बसवलेलं काहीतरी यंत्र उचलून दारात. "मामा, अर्धाच तास लागेल." अर्ध्या तासाचं काम कधी अर्ध्या तासात झालंय का.

यंत्र म्हणजे फिलामेंट एक्सट्रूडर. थ्री-डी प्रिंटरला जी १.७५ एमएमची प्लास्टिकची तार लागते ती घरच्या घरी दाण्यापासून बनवायची. दाणा तयार तारेपेक्षा खूपच स्वस्त पडतो, म्हणून हा उद्योग. मोठ्या एक्सट्रूजन लाइनचीच छोटी आवृत्ती आहे, हॉपर, स्क्रू, बॅरल, हीटर, नोझल, मागे गिअरची मोटर. भाच्याने लगेच माहिती दिली की अमेरिकेत २०१३ साली यावर स्पर्धा झाली होती, २५० डॉलरच्या आतल्या पार्टमध्ये दाण्यापासून फिलामेंट काढणारं ओपन डिझाइनचं मशीन बनवा, आणि ४०,००० डॉलरचं बक्षीस ह्यू लायमन नावाच्या ८३ वर्षांच्या रिटायर्ड माणसाने मारलं. ८३ व्या वर्षी! आमच्याकडे पन्नाशीतला वायरमन नवीन पीआयडीचं, म्हणजे टेम्परेचर कंट्रोलरचं, मॅन्युअल उघडायला तयार होत नाही.

यांनी मात्र ऑनलाइन कुठल्यातरी विक्रेत्याकडून किट मागवलं होतं. सोबत एकाच पानाची डायग्राम. २४ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), २४ व्होल्टचीच मोटर, बॅरलवर २४ व्होल्ट १५० वॅटचा हीटर, टेम्परेचर मोजायला के टाइप थर्मोकपल, रेक्स सी-१०० टाइपचा पीआयडी आणि एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, पीआयडीच्या छोट्या कंट्रोल सिग्नलवर हीटरचा, म्हणजे लोडचा, करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तक्रार एकच, टेम्परेचर सेट केलं १९० आणि ते १९० ला थांबतच नाही, वर वर जात राहतं. ऑटोट्यून, म्हणजे पीआयडीने स्वतःची सेटिंग स्वतः शोधायची सोय, लावलं तर त्याचा लाइट नुसता लुकलुकत राहतो, संपतच नाही. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणे एसएसआर डुप्लिकेट आला असेल, बदला. यांनी बदलला. परत तेच. परत बदलला. "मामा, हा पण गेला."

आता एसएसआर जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच, म्हणजे कायमचा चालू राहूनच, जातो हे खरं आहे, आणि बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे हेही खरं, म्हणून पोरांचा विश्वास बसला त्यात नवल नाही. पण एकामागून एक सगळे नवे एसएसआर सारखेच मरतात म्हटल्यावर मला ते पटेना.

म्हटलं लावा बघू माझ्यासमोर. हॉपरमध्ये एबीएस प्लास्टिकचा पांढरा दाणा होता. मी सगळ्यात आधी थर्मोकपल बघतो, कारण त्यात रंगांचा घोळ ठरलेला असतो, अमेरिकन पद्धतीत लाल वायर मायनस असते आणि या स्वस्तातल्या लाल-निळ्या थर्मोकपलला लाल प्लस. उलटं जोडलं की तापेल तसा आकडा खाली जातो, पीआयडीला वाटतं अजून थंडच आहे आणि तो पूर्ण पॉवर देत बसतो. पण बॅरल तापायला लागलं तसा आकडा वर चढत होता. म्हणजे पोरांनी बरोबर जोडलं होतं.

१५० झालं, १८० झालं, १९० ला पीआयडीचा आउट लाइट विझला. एसएसआरवरचा लालही विझला. आणि आकडा चालूच, २००, २१०. थोडा तर जाणारच, हीटर गरम असतो, उष्णता बॅरलमध्ये उतरायला वेळ लागतो, पण हा थांबायचं नावच घेईना. चष्मेवाल्या पोराने तत्परतेने क्लॅम्प मीटर काढून हीटरच्या वायरला लावला, शून्य अँपियर. "बघा मामा, करंट नाहीये, तरी तापतंय!" अशा आवाजात म्हणाला की जणू मशीनमध्ये भूत शिरलंय. तोवर २५० च्या पुढे गेलं, नोझलमधून पांढऱ्याऐवजी तपकिरी चिकट ओघळ यायला लागला आणि एबीएसचा तो घशात बसणारा वास. शटर पूर्ण वर केलं, एक्झॉस्ट लावला.

पण बंद करायच्या आधी मला दोन रीडिंग हवी होती. मल्टिमीटर डीसीवर टाकून हीटरच्या दोन टोकांवर धरला तर २३ व्होल्टच्या आसपास. एसएसआरच्या लोडच्या टोकांवर साधारण १ व्होल्ट. लाइट बंद असलेल्या एसएसआरवर सगळेच्या सगळे २४ दिसायला पाहिजेत. म्हणजे आतून तो चालूच होता आणि हीटरमधून सहाच्या आसपास अँपियर जात होता. आणि क्लॅम्प शून्य का? तर तो साधा क्लॅम्प, एसी मोजणारा, त्याला डीसी दिसतच नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा येतो आणि महाग असतो. म्हटलं तुझं भूत त्या मीटरमध्ये आहे.

मग मी मेन स्विच बंद केला, बॅरल पार थंड होऊ दिलं, एसएसआरच्या कंट्रोलच्या दोन्ही वायरी काढून ठेवल्या आणि परत चालू केला. हीटरवर शून्य व्होल्ट. हे महत्त्वाचं होतं, कारण एसएसआर खरंच शॉर्ट झाला असता तर कंट्रोल काढलं तरी हीटर चालू झाला असता. वायरी परत लावल्या, पीआयडीने मागितल्याबरोबर चालू झाला, आणि सेट पॉइंट खाली ओढून पीआयडीने सोडून दिलं तरी चालूच. चालू होता येतं, बंद होता येत नाही.

मग चष्मा लावून एसएसआरचं लेबल वाचलं. मॉडेलच्या शेवटी डीए. इनपुट ३-३२ व्हीडीसी, आउटपुट २४-३८० व्हीएसी. पोरांनी २४ वाचलं होतं आणि निर्धास्त झाली होती, आपलं २४ व्होल्टच आहे ना. पुढचं व्हीएसी, म्हणजे एसी व्होल्ट, कोणी वाचलंच नव्हतं, आणि त्यांना तरी काय बोलणार, विक्रेत्यानेच किटमध्ये तो घातलेला आणि डायग्रामवरही तोच छापलेला.

डीए म्हणजे कंट्रोल डीसी आणि लोड एसी. आत ट्रायॅक किंवा एससीआर नावाचा स्विचिंगचा पार्ट असतो. त्याला गेट, म्हणजे चालू करायचा सिग्नल, दिलं की तो चालू होतो, पण गेट काढलं म्हणून बंद होत नाही, त्यातून जाणारा करंट जवळपास शून्यावर आला तरच बंद होतो. उतारावर ढकललेल्या हातगाडीसारखं आहे, ढकलणं थांबवलं तरी सपाटी आल्याशिवाय ती थांबणार नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत अशी सपाटी सेकंदाला १०० वेळा येते म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, डीसीत ती येतच नाही. मेन बंद केला की मगच सुटतो.

भाच्याच्या मैत्रिणीला हे पटेना, आणि न पटणं चांगलंच. ती म्हणाली मग हे सगळे "गेलेले" एसएसआर चांगले असले पाहिजेत. म्हटलं लाव. २३० ला बल्ब, मध्ये एसएसआर, कंट्रोलला १२ व्होल्ट. एकेक करून सगळे लावले, कंट्रोल दिलं की बल्ब लागतोय, काढलं की विझतोय, एकदम स्वच्छ. त्या डुप्लिकेटच्या नावाने इतके दिवस उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्यांनी.

उपाय दोन होते. हीटरच २३० चा एसी बँड हीटर लावायचा म्हणजे हाच एसएसआर चालला असता, आमच्या मोल्डिंग मशीनवर तसंच असतं. पण पोरं उघड्या फळीवर काम करणार, बॅरलला हात लागणार, तिथे २३० न्यायला माझं मन घेईना. म्हणून डीडी एसएसआर, म्हणजे कंट्रोलही डीसी आणि लोडही डीसी, आत मॉसफेट असलेला, जो कंट्रोल काढलं की डीसीतही बंद होतो. भाच्याला पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पिटाळला, भोसरीच्या सुट्टीचा तेवढा फायदा, बुधवार पेठ गुरुवारी चालू असते. तासाभराने त्याचा फोन, "मामा, दुकानदार म्हणतोय डीए घेऊन जा, सगळ्याला चालतो." म्हटलं लेबलचा फोटो पाठव, लोड साइडला व्हीडीसी लिहिलेलं असेल तरच पैसे दे. पुढच्या दुकानात मिळाला, लोड ५-६० व्हीडीसी.

तो बसवताना आणखी एक गंमत. डीएला लोडच्या बाजूला प्लस-मायनस नसतं, कसाही लावा. चष्मेवाला त्याच सवयीने उलटा लावत होता, वेळेवर हात धरला. डीडी उलटा लावला तर मॉसफेटच्या आतल्या डायोडमधून करंट सरळ जातो आणि हीटर पुन्हा कायमचा चालू, मग म्हणाले असते हा पण गेला. नीट लावल्यावर १९० च्या थोडं वर जाऊन आकडा परत फिरला. ऑटोट्यून लावलं, दोन-चार हेलकावे घेतले आणि लाइट विझला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं आता खरं काम. एसएसआर डीए असो की डीडी, कधीतरी शॉर्ट होणारच, आणि हे लोक रात्रभर मशीन चालू ठेवून झोपणार. मशीन बंद करायचं काम त्याच पीआयडीवर आणि त्याच एसएसआरवर सोपवलं तर उपयोग काय? माझ्याकडे भंगारातून काढलेला एक जुना ऑन-ऑफ टेम्परेचर कंट्रोलर पडला होता. त्याला वेगळं थर्मोकपल, सेटिंग २३०, त्याच्या रिलेतून एका छोट्या कॉन्टॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल, आणि कॉन्टॅक्टर एसएमपीएसच्या मेनला. स्टार्ट-स्टॉप बटणाने होल्डिंग दिलं म्हणजे एकदा ट्रिप झाला की थंड झाल्यावर आपोआप चालू होणार नाही, कोणीतरी येऊन बघून बटण दाबायचं. कॉइललाच सिरीजमध्ये इमर्जन्सी स्टॉपचं बटण. बॅरलला आणि एसएमपीएसच्या बॉडीला अर्थिंग, ते किटमध्ये नव्हतंच. हीटरजवळ साधी पीव्हीसी वायर होती, ती ७० डिग्रीची असते, बॅरलशेजारी मऊ पडून चिकटायला लागली होती, ती काढून टेफ्लॉनची टाकली. सेटिंग ६० वर आणून ट्रिप करून दाखवला, मग परत २३०.

मोटरला पीआयडीच्या अलार्मचा कॉन्टॅक्ट वापरून इंटरलॉक दिला, १७० च्या खाली मोटर सुरूच होणार नाही. थंड बॅरलमध्ये स्क्रू फिरवला तर प्लास्टिक हलत नाही, गिअरबॉक्सचे दात हलतात. अलार्मच्या कॉन्टॅक्टवर थेट मोटर नाही टाकली, मध्ये २४ व्होल्टचा रिले, कॉइलवर डायोड.

मोटर सुरू झाली आणि टेम्परेचरचा आकडा दहा-दहाने नाचायला लागला. पोरांचे चेहरे उतरले. पण यात काही नव्हतं, केबल टायने थर्मोकपलची वायर मोटरच्या वायरीबरोबर एकत्र बांधली होती. २०० डिग्रीला के टाइप थर्मोकपल देतं आठ मिलीव्होल्टच्या आसपास, शेजारी ब्रशची मोटर ठिणग्या मारत असताना एवढासा सिग्नल कसा टिकणार? वायर वेगळ्या बाजूने नेली, मोटरच्या टर्मिनलवर सिरॅमिक कॅपॅसिटर टाकला, आकडा शांत.

सातच्या सुमाराला नोझलमधून पांढरी तार सलग यायला लागली. व्हर्नियरने मोजली तर कुठे १.६, कुठे १.९. तो प्रश्न तार किती वेगाने ओढता आणि पंख्याने कशी गार करता याचा आहे, वायरिंगचा नाही, तिथे मी हात वर केले. त्यासाठी तार ओढणारा पुलर आणि गुंडाळणारा वाइंडर बनवून आणतो म्हणालाय भाचा, त्यात स्टेपर मोटर आहे, म्हणजे ड्रायव्हर आला, त्याचं करंट सेटिंग आलं. त्याला सांगून ठेवलंय, प्रत्येक पार्टच्या लेबलचा फोटो आधी पाठव, मग ये. आणि गुरुवारी नको, तो मोल्डिंगचा पॅनल अजून तसाच उघडा पडलाय.