भिगवणचे रोहित आणि होडी थांबवायची जागा

होडीवाल्या दादांनी बांबू तळाला टेकवला आणि होडी जागच्या जागी थांबली. समोर, अंदाजे दीडशे मीटरवर, उजनी धरणाच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा माना खाली घालून चरत होता. "ताई, हितनं फुडं नको. आत्ता कुठं चरायला लागलेत," दादा म्हणाले. मी दुर्बीण भाचीच्या हातात दिली. तिने आवाज अगदी बारीक करून विचारलं, "आत्या, त्यांची चोच उलटी का आहे?"

चोच उलटीच आहे. रोहित डोकं उलटं करून चोचीचा वरचा भाग तळाकडे नेतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकतात. त्यांच्यातल्या रंगद्रव्यांमुळेच पिसं गुलाबी होतात. पिल्लं राखाडी असतात. आमच्या समोरच्या थव्यातही पाच-सहा करडी पिल्लं होती. असं कणाकणाने पोट भरायचं तर दिवसातले कितीतरी तास खाण्यातच जातात.

हे मी तिला सांगत असतानाच उजवीकडून इंजिनाची एक बोट आली आणि सरळ थव्याच्या दिशेने गेली. बोटीतून आवाज ऐकू आला, "अजून जवळ घ्या, उडवा!" थवा पाण्यावर धावत सुटला. रोहिताला जागेवरून उठता येत नाही, आधी पळावं लागतं. मग पंख उघडले आणि आतला शेंदरी-काळा रंग एकदम दिसला. दृश्य विलक्षण सुंदर होतं. पण थवा लांब खोल पाण्याच्या कडेला जाऊन उतरला आणि त्यानंतर किती तरी वेळ सगळ्यांच्या माना वर होत्या. एकही पक्षी चरत नव्हता. सकाळभरात अशा चार बोटी आल्या तर त्यांची सकाळ उपाशीच जाते. यांना पुढे प्रजननासाठी कच्छच्या रणापर्यंत उडायचं असतं. म्हणून भिगवणला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: होडीत बसण्यापूर्वी होडीवाल्याला म्हणा, "दादा, पक्षी उडवायचे नाहीत. ते माना वर करायला लागले की तिथंच थांबा." आपण असं म्हटलं की होडीवाल्यांनाही बरं वाटतं. एरवी जवळ नेलं नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज होईल, ही धास्ती त्यांनाच असते.

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो: मी, आई आणि भाची. पहाटे सव्वाचारला कोथरूडहून निघालो. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटसचा टोलनाका, कुरकुंभ आणि भिगवण असा सोलापूरचा सरळ रस्ता आहे. अंतर साधारण शंभर-एकशे पाच किलोमीटर. भिगवणच्या पुढे हमरस्ता सोडून डावीकडे कुंभारगावात शिरलात की धरणाचा काठ लागतो. पहाटे उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा, बऱ्याचशा ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. स्वच्छतागृहाची सोय हमरस्त्यावरच उरकून घ्या. आईला याचा त्रास झाला, म्हणून मुद्दाम लिहिते. रेल्वेने यायचं तर भिगवण स्टेशन पुणे-सोलापूर मार्गावरच आहे, पण स्टेशनवरून पुढे जायला रिक्षा किंवा गाडी आधीच बोलून ठेवावी लागते.

कधी जायचं याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नका, धरणाच्या पाण्यात शोधा. उजनी धरण भीमेवर १९८० साली पूर्ण झालं. त्याचा साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. पाणी या मृतसाठ्यात उतरतं, म्हणून तर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. धरण तुडुंब असेल तर काठाला उथळ पाणीच नसतं, आणि रोहिताला उभं राहायला उथळ पाणी लागतं. पाऊस चांगला झाला त्या वर्षी डिसेंबरात जाऊन रिकाम्या हाताने परतलेले लोक मला माहीत आहेत. निघण्याआधी वर्तमानपत्रात पाण्याची टक्केवारी बघा आणि कुंभारगावातल्या होडीवाल्याला फोन करून सरळ विचारा, पाणी कुठवर उतरलंय, थवा कोणत्या अंगाला आहे.

पट्टकादंब बघायचे असतील तर मात्र फेब्रुवारी संपायच्या आत या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळातला पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. विरळ हवेतून जास्त प्राणवायू धरून ठेवेल असं त्याचं रक्त असतं. आम्हाला तीसेक पट्टकादंब काठाच्या गवतात बसलेले दिसले. भाचीने रोहितांपेक्षा त्यांनाच जास्त वेळ बघितलं, आणि मला ते पटलं. याशिवाय चित्रबलाक, चमचे, शेकाटे, थापट्या बदकं आणि नदी सुरय दिसले. माशावर झेपावलेला कैकरही एकदा दिसला, पण मासा निसटला.

होडीचे पैसे आधी ठरवून घ्या आणि घासाघीस करू नका. इथले बरेचसे होडीवाले मासेमारीवर जगणारे. आमच्या दादांचं जुनं गाव, घर, शेत सगळं या पाण्याखाली गेलेलं. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवंच, लहान मुलांच्या मापाचं आहे का तेही काठावरच बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाण्यात जाऊच नका. २०२४ च्या मे महिन्यात याच धरणात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. पाणी शांत दिसतं, पण वारं सुटलं की लाटा चढायला वेळ लागत नाही.

काही गोष्टी होडीत करू नका. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून फोटो काढायची पद्धत पडली आहे. शेजारच्या होडीत पाकीट फुटलं तसे शे-दीडशे कुरव गोळा झाले. तळलेलं, खारट खाणं पाणपक्ष्याचं नाही. ड्रोन नेऊ नका. पाण्यातल्या बेटांवर पाय ठेवू नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरय आणि टिटव्या तिथं उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. पाणी हटलेल्या जमिनीवर गावकऱ्यांची गाळपेर असते, त्या हरभऱ्या-गव्हातून फोटोसाठी चालू नका.

आता पाण्याबद्दल. परतताना होडीच्या कडेला हिरवा तवंग होता, वासही येत होता. भाचीने विचारलं, "हे पाणी येतं कुठून?" आईने तिला बोटांवर मोजून सांगितलं. आपण खडकवासल्याचं पाणी वापरतो, ते मुठेत जातं. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला. पुढे मुळा-मुठा भीमेला, इंद्रायणी तुळापूरला भीमेला. आणि भीमा इथे. म्हणजे कोथरूडची मोरी आणि पिंपरीचे कारखाने यांचं सगळं इथं येऊन थांबतं. या सांडपाण्यातल्या खतावर जलपर्णी माजते आणि शेवाळ वाढतं. रोहिताला शेवाळ चालतं. त्यामुळे थवा मोठा दिसला म्हणून पाणी निरोगी आहे असं समजू नका. दादा म्हणाले, जाळं ओढल्यावर हाताला खाज सुटते, आणि जाळ्यात हल्ली चिलापीच जास्त. बाहेरून आलेला हा मासा घाण पाण्यातही तग धरतो आणि इथल्या माशांची जागा घेतो.

महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी या तीन पाणथळींना रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असल्याचा, दर्जा आहे. उजनीला नाही. रोहितांना इथं कोणाचं कुंपण नाही, होडी कुठे थांबते त्यावरच त्यांचं चरणं अवलंबून आहे.

साडेनऊला ऊन चढलं तसे आम्ही काठावर आलो. दादांच्या घरीच जेवलो: भाकरी, माशाचा रस्सा, कांदा. घरगुती जेवणाची सोय बऱ्याच होडीवाल्यांकडे असते, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. एकला परत पुण्यात.

मेमध्ये दादांचा फोन आला. "ताई, पाणी मायनसला गेलं. पळसदेवाच्या जुन्या देवळाचा कळस उघडा पडलाय. रोहित आता आमच्या अंगाला न्हाईत, आत सरकलेत. यायचं तर फाटंच या, आन् धाच्या आत माघारी फिरा. वारं सुटाया लागलंय."