उत्तरायणात बोट कापलं तर आधी ते वाकवून बघा

जानेवारी लागला की बडोद्यात उत्तरायणासाठी, म्हणजे १४-१५ जानेवारीच्या पतंगांच्या सणासाठी, गेंडीगेटकडे पतंगांचा बाजार भरतो, लोक दोरी पाजून घेतात म्हणजे तिला काचेची पूड चढवून घेतात, गच्चीवर स्पीकर चढतात, आणि मला मात्र लोकांच्या बोटांची काळजी लागते. मी फिजिओथेरपी करते आणि उत्तरायणानंतर बोट वाकत नाही म्हणून येणारे पेशंट दरवर्षी असतातच, त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या दिवशी फक्त हळद लावून पट्टी बांधलेली असते. म्हणून यावेळी सणाआधीच लिहितेय.

एक करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराच्या खालचा भाग धरा आणि उजवी मूठ उघडझाप करा. आत काहीतरी हलतंय ना? तेच बोटं वाकवणारे मुख्य स्नायू. बोटांच्या आत वाकवणारे स्नायू नसतातच, तिथे फक्त हाडं, सांधे, नसा, रक्तवाहिन्या आणि कोपराकडच्या स्नायूंपासून मनगटातून पुढे आलेले टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर. हे टेंडन फिरकीच्या दोरीसारखे, ओढणारा एकीकडे आणि ओढलं जाणारं दुसरीकडे. (हाताची हाडं नीट बघायची असतील तर मुलांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्या, तिथे ब्लू व्हेलचा सांगाडा आहे, व्हेलच्या पंखाच्या आत आपल्यासारखीच दंडाची, हाताची आणि बोटांची हाडं असतात. मला तो सांगाडा कितीही वेळा बघितला तरी पुरत नाही.)

अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला वाकवणारे दोन टेंडन असतात. एक मधल्या हाडापर्यंत जातो, दुसरा थेट टोकाच्या हाडापर्यंत, आणि गंमत म्हणजे पहिला मध्ये दुभंगतो आणि दुसरा त्यातून आरपार पुढे जातो. इतक्या अरुंद जागेत हे दोन्ही एका नळीत बसलेले, की तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या हाडापर्यंतच्या या भागाला जुने सर्जन नो मॅन्स लँड म्हणायचे, म्हणजे तिथे टाके घालून चांगला रिझल्ट मिळणं फार कठीण. आणि पतंगाची दोरी बोटाच्या आतल्या बाजूलाच घासत जाते, म्हणजे नेमकी इथेच.

आता कामाचं. बोट कापलं तर आधी स्वच्छ कपड्याने दाबून हात वर धरा, रक्त थांबू द्या. मग दुसऱ्या हाताने त्या बोटाचं मधलं पेर सरळ धरून ठेवा आणि टोक वाकतंय का बघा. टोक वाकत नसेल तर टोकापर्यंत जाणारा टेंडन तुटला असण्याची शक्यता खूप. नंतर बाकीची तीन बोटं सरळ धरून ते एकच बोट मधल्या सांध्यात वाकवा, हे दुसऱ्या टेंडनसाठी. वाकतंय पण जोर लावल्यावर दुखतंय, तरी दाखवा, कारण अर्धवट कापलेला टेंडन पुढे चार दिवसांनी एखादी बादली उचलताना तुटू शकतो. शिवाय बोटाच्या दोन्ही कडांना हलकं टोचून बघा, कारण संवेदनेची नस दोन्ही बाजूंनी वेगवेगळी जाते, एका कडेला बधिर आणि दुसरीकडे ठीक असं होऊ शकतं.

थांबू नका असं मी इतकं का सांगते, तर तुटलेल्या टेंडनचं हाताकडचं टोक स्नायू ओढून घेतो, ते तळहातात सरकतं, आणि जितके दिवस जातात तितकं ते परत आणून जोडणं अवघड होतं. टाके घातल्यावरही साधारण सहा आठवडे स्प्लिंट (हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार) लागतो, आणि जड काम जवळपास तीन महिने बंद. त्यात व्यायाम मात्र सर्जन सांगेल तसा पहिल्या काही दिवसांतच सुरू होतो, नाहीतर टेंडन आजूबाजूला चिकटतो. नस जोडली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे बोटाच्या बुडापासून टोकापर्यंत संवेदना यायला महिने जातात.

नायलॉनच्या दोरीवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१७ मध्येच बंदी घातलीय, तरी ती कोणाच्या तरी फिरकीत असतेच, कृपया घेऊ नका. बोटांना आधीच मेडिकल टेप गुंडाळा, मुलांच्या तर नक्की. आणि १४ ला कापलं तर दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उरकून मग जाऊ असं करू नका, इमर्जन्सी दोन्ही दिवस चालू असते, तिथे गेल्यावर हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन बघतील का एवढं नक्की विचारा.