तिसऱ्या वळणावर पाणी उलटं ओढत होतं

सकाळी पावणेसातला पंपघरात पोहोचलो तेव्हा तिन्ही पंप चालू होते आणि पॅनेलवर एकही लाल दिवा नव्हता. आदल्या रात्री वॉटर पार्कच्या आमच्या भागाला वीज देणारी जमिनीखालची केबल नादुरुस्त झाली होती. रात्रपाळीने खड्डा खणून जळालेला तुकडा कापला, नवा तुकडा जोडला आणि पहाटे चारला वीज परत आणली. लेझी रिव्हर म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून लोक तरंगत फेरी मारतात ती बांधलेली नदी. तिची यंत्रणा माझ्याकडे असते, म्हणजे पंप, फिल्टर, क्लोरीन आणि पाण्याची पातळी. त्या दिवशी जे घडलं ते बारकाव्यांसकट लिहितो आहे, कारण अशी नदी जिथे जिथे आहे तिथे हे घडू शकतं.

आमची नदी 320 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 90 ते 95 सेंटीमीटर खोल आहे. पाणी सुमारे 12 लाख लिटर. वेग सेकंदाला 0.7 मीटर, म्हणजे माणूस चालतो त्याच्या जेमतेम निम्मा. एक फेरी साडेसात मिनिटांची. लोकांना वाटतं की पंप सगळी नदी ढकलतो. तसं नसतं. प्रत्येक पंप सेकंदाला साधारण 300 लिटर पाणी एका मोठ्या जाळीतून उचलतो आणि थोडं पुढे बाहेरच्या भिंतीतल्या चार अरुंद नोझलमधून जोरात सोडतो. त्या धक्क्यावर बाकीचं पाणी चालतं. असे तीन पंप नदीभर वाटून बसवलेले आहेत.

जाळी आणि नोझल यांच्या मापांतला फरक पुढे महत्त्वाचा ठरला. ओढणारी जाळी दीड मीटर बाय एक मीटर आहे. तिची मोकळी जागा निम्मी धरली तरी पाणी तिच्यातून सेकंदाला 0.4 मीटरने जातं. हा वेग मुद्दाम कमी ठेवतात. हात, केस किंवा कापड जाळीला टेकलं तरी धरलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. नोझलचं तोंड मात्र 25 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटरचं, आणि त्यातून पाणी सेकंदाला 3 मीटरने बाहेर पडतं. तिथे कोणी अडकेल असा विचारच आराखड्यात नसतो, कारण तिथून पाणी माणसाला दूर लोटतं.

रोज फाटक उघडण्याआधी आम्ही एक रिकामी ट्यूब सोडून फेरीची वेळ मोजतो. त्या सकाळी ती 9 मिनिटं 20 सेकंद आली. मी पातळी पाहिली, ती बरोबर होती. तिन्ही पंपांचे ॲमीटर पाहिले, आकडे नेहमीच्या आसपास होते. रात्री वीज गेल्यामुळे पहिल्या दोन पंपांच्या व्हीएफडीचं (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग हललं असेल असं वाटून मी ते 42 हर्ट्झवरून 47 वर नेलं. फेरी सव्वाआठ मिनिटांवर आली आणि मी फाटक उघडायला होकार दिला. ही माझी चूक होती. वेग का कमी झाला हे कळण्याआधीच मी तो वाढवला, त्यामुळे जे लक्षण दिसत होतं तेच झाकलं गेलं.

दुसरं लक्षण फिल्टरवर होतं. वाळूच्या फिल्टरचं गेज एरवी 1.1 बार दाखवतं, त्या दिवशी ते 0.6 वर होतं. आदल्या संध्याकाळी बॅकवॉश झाला होता, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतली होती, म्हणून वाळू स्वच्छ असेल असं सगळ्यांनी धरलं. पण वाळू स्वच्छ असली की दाब उतरतो आणि प्रवाह वाढतो. शेजारच्या फ्लोमीटरवर प्रवाहही उतरलेला होता. दोन्ही एकदम उतरले की दोष पंपात शोधायचा, हे या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिलेले होते. ते एकत्र वाचले कोणीच नाहीत.

अकरा चाळीसला तिसऱ्या वळणावरून एक लांब शिट्टी ऐकू आली. आमच्याकडे एक छोटी शिट्टी पाहुण्यांसाठी, दोन छोट्या दुसऱ्या जीवरक्षकासाठी आणि एक लांब शिट्टी म्हणजे आणीबाणी. शिट्टीपाठोपाठ तिथल्या जीवरक्षक मुलीने खांबावरचं लाल बटण दाबलं आणि तिन्ही पंप बंद झाले.

तिने काय पाहिलं होतं ते तिच्याच क्रमाने सांगतो. ट्यूबा वळणावर येऊन बाहेरच्या भिंतीला लागत होत्या आणि तिथेच गोल फिरत होत्या. एरवी त्या जागी नोझलचा झोत ट्यूबेला भिंतीपासून सोडवून मधल्या धारेत आणतो. तिने दोन ट्यूबा काठीने ढकलल्या, तरी त्या परत भिंतीकडे आल्या. मग तिने वाकून पाण्यात पाहिलं. लहान मुलाचा एक टी-शर्ट नोझलच्या तोंडावर सपाट पसरून बसला होता. मधोमध कापड आत खेचलं जाऊन त्याची वाटी झाली होती आणि बाह्या भिंतीला चिकटल्या होत्या. ज्या तोंडातून पाणी फेकलं जायला हवं, त्याच तोंडाने कापड धरून ठेवलं होतं. तिने हात घातला नाही, आधी बटण दाबलं. हा क्रम बरोबर होता आणि तो तिला तिथेच सुचला, याचं श्रेय पूर्णपणे तिचं.

बटण दाबल्यावर नोझलची ओढ काही सेकंदांत संपते. टी-शर्ट आपोआप सुटून वर आला. नदी मात्र थांबत नाही. बाराशे टन पाण्याला मिळालेली गती जिरायला वेळ लागतो, पाच मिनिटांनंतरही ट्यूबा सरकत असतात. लोकांना वाटतं की बंद झालं, आणि ते ट्यूबमधून उतरून चालायला लागतात. मग मागून येणाऱ्या ट्यूबा त्यांच्यावर चढतात आणि लहान मूल ट्यूबांखाली गेलं तर वरून दिसत नाही. म्हणून घोषणा ठरलेली आहे: बसून राहा, हँडल धरा, पाय आत घ्या, आम्ही येतो. जीवरक्षक पाण्यात उतरून चार-चार ट्यूबा धरून जवळच्या पायऱ्यांकडे नेतात. त्या वेळी नदीत नव्वदेक लोक होते. सगळे बाहेर यायला अकरा मिनिटं लागली. नंतर रिकाम्या ट्यूबा काठावर काढल्या आणि दोघे जण दोन दिशांनी तळ बघत चालत आले, एकमेकांना भेटेपर्यंत. हे केल्याशिवाय नदी रिकामी म्हणत नाही.

टी-शर्ट आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाचा होता. अंगातून काढून त्याने तो हातात धरला होता, हात ट्यूबबाहेर पाण्यात सोडलेला होता, आणि कोणीतरी ओढल्यासारखा तो हातातून गेला, असं त्याने आईला सांगितलं होतं. मी नंतर हिशेब केला. पंपाने एक मीटर पाण्याइतकाच दाबाचा फरक निर्माण केला असं धरलं, तरी नोझलचं तोंड पूर्ण झाकलं गेल्यास त्यावर 25 किलोंचा भार येतो. त्या वयाच्या मुलाच्या स्वतःच्या वजनाइतका. तो आकडा कागदावर लिहिल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो.

आता प्रश्न होता की एकच पंप उलटा का चालला. माझ्याबरोबरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, जोडात दोन फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी दोन, अदलाबदल झाल्या असतील तर मोटार उलटी फिरते, पण मग तिन्ही पंप उलटे व्हायला हवेत. इथे यंत्रणेची रचना समजून घ्यावी लागते. पहिले दोन पंप व्हीएफडीवर आहेत. व्हीएफडी आलेली वीज आधी डीसी करतो आणि मग स्वतःच्या तीन फेज तयार करतो, त्यामुळे आत येणाऱ्या फेज कोणत्याही क्रमाने आल्या तरी मोटार सरळच फिरते. तिसरा पंप जुना, साध्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर, जो आलेली वीज तशीच मोटारीला जोडतो. त्याला येईल तो क्रम लागू होतो. फिल्टरचे पंपही थेट वीजेवर, म्हणजे तेही उलटे फिरत होते. पण ते सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या चाकाने पाणी बाहेरच्या बाजूला फेकणारे. तसा पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने जातं, फक्त दाब आणि प्रवाह पडतो. नदीचे पंप प्रोपेलरचे. प्रोपेलर उलटा फिरला की पाणीच उलटं वाहतं, नोझलमधून आत आणि जाळीतून बाहेर. सकाळचं 0.6 बार आणि वळणावरचा टी-शर्ट, दोन्हींचं मूळ एकच होतं.

खात्री करायला जर्क टेस्ट घेतली. नदीत कोणी नाही हे पुन्हा पाहिलं, एक जण मोटारीशेजारी उभा राहिला आणि स्टार्टर अर्धा सेकंद दाबून सोडला. मोटार थांबत येताना पंख्याची दिशा डोळ्यांनी दिसते. ती उलटी होती. मोटारीच्या अंगावर दिशेचा बाण असतो, आमच्या मोटारीवरचा रंग उडून फक्त त्याचं शेपूट उरलं होतं. मग फेज सिक्वेन्स मीटर लावला, त्यानेही उलटा क्रम दाखवला. खड्ड्यातला जोड उघडल्यावर कारण समोर आलं: जुन्या केबलच्या तारा लाल, पिवळ्या, निळ्या आणि नव्या तुकड्याच्या तपकिरी, काळ्या, राखाडी. अंधारात अंदाजाने जोडताना दोन तारा इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

मला सर्वात जास्त बोचलं ते वेगळंच. तिसऱ्या पंपाच्या स्टार्टरमध्ये फेज सिक्वेन्स रिले होता. फेजचा क्रम उलटा आला तर पंप चालूच होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. व्होल्टेज खालीवर झालं की तो सारखा ट्रिप होतो म्हणून मागच्या हंगामात कोणीतरी एक वायर टाकून तो बायपास केला होता. वहीत त्याची नोंद नव्हती. रिले सारखा ट्रिप होत असेल तर व्होल्टेज तपासायचं, रिले बाजूला काढायचा नाही. याबाबत माझं मत अजिबात मऊ नाही.

दुरुस्ती जोडावरच केली. पंपाच्या टर्मिनलवर दोन तारा बदलून तो पंप सरळ झाला असता, पण फिल्टरचे पंप उलटेच राहिले असते आणि पुढे कोणी जोड नीट केला असता तर हा पंप पुन्हा उलटा झाला असता. आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद केला, कुलूप आणि टॅग लावला, टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली आणि मग तारा बदलल्या. बायपासची वायर काढली. व्हीएफडी परत 42 वर आणले. फिल्टरच्या पंपांचे इम्पेलरही (आतली फिरती चाकं) तपासले, कारण आट्यांवर बसवलेला इम्पेलर उलट फिरून सैल होतो. आमचे चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या पाचरीवर) बसवलेले आहेत, ते जागेवर होते.

पंप एकेक करून चालू केले. पंप थांबवून लगेच घाईने चालू करायचा नसतो: थांबलेल्या पंपातून पाणी मागे वाहत असेल तर प्रोपेलर उलटा फिरत असतो, आणि त्याच क्षणी सुरू केला तर शाफ्टवर मोठा झटका बसतो. बांबूच्या टोकाला कापडी फीत बांधून ती प्रत्येक नोझलसमोर धरली. बाराही ठिकाणी ती पुढच्या दिशेला फडफडली. रिकाम्या ट्यूबेची फेरी 7 मिनिटं 34 सेकंद, गेज 1.1 बार, पीएच 7.4, क्लोरीन 2 पीपीएम. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फाटक उघडलं.

ट्यूबमध्ये आडवा झालेला माणूस आभाळाकडे बघत असतो, हात पाण्यात सोडलेले असतात. आपण पुढे जातोय की भिंतीशी फिरतोय हेही त्याला लवकर कळत नाही, आणि ते त्याला कळावं लागू नये म्हणूनच तो इथे आलेला असतो. हंगाम संपल्यावर तिन्ही पंपांच्या बाहेर जाणाऱ्या पाइपांत झडपा बसवल्या. पाणी उलटं फिरलं की झडप मिटते आणि नोझल ओढू शकत नाही. प्रवाह थोडा कमी होतो म्हणून पूर्वी त्या टाळल्या होत्या. फीत बांधलेला बांबू आता फाटकाच्या आत खुंटीला असतो. बारा नोझल बघायला सहा-सात मिनिटं लागतात आणि हे काम तिसऱ्या वळणावरच्या जीवरक्षकाकडे दिलं आहे. तिच्या सहीशिवाय पहिली ट्यूब पाण्यात जात नाही.