तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर एवढे फास्ट झाले, मग तुमचं अडतंय कुठे?

विद्यार्थी विचारतात, इंजिनिअर मित्र विचारतात. माझं काम लाटांच्या गणिताचं, मग ती लाट आवाजाची असो, भूकंपाची असो की अल्ट्रासाउंडची. आत काय आहे हे माहीत असेल आणि लाट कशी जाईल एवढंच काढायचं असेल तर स्पीड खरंच कामी येतो, कारण थ्रीडीत फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की हिशोब साधारण 16 पट वाढतो, ग्रिड, म्हणजे हिशोबासाठी जागेवर आखलेली जाळी, तिन्ही दिशांनी दुप्पट बारीक करावी लागते आणि टाइम स्टेप, म्हणजे वेळेचा एकेक टप्पा, तोही निम्मा.

पण मी अडकते ते उलट्या बाजूला. बाहेर सेन्सरवर आलेला सिग्नल आहे, त्यावरून आत काय आहे ते सांगा. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये हेच केलं, भूकंपाच्या पी लाटा (सगळ्यात आधी पोचणाऱ्या) जिथे पोचायलाच नको होत्या तिथे क्षीण का होईना दिसत होत्या, त्यावरून त्यांनी पृथ्वीचा आतला गाभा ओळखला, आणि तेव्हा कॉम्प्युटर नव्हताच!

गोची अशी की कधीकधी दोन वेगळ्या गोष्टी बाहेरून अगदी सारख्या वाटतात. गणितज्ञ मार्क कॅकने 1966 मध्ये विचारलं होतं, ड्रमच्या नुसत्या आवाजावरून त्याचा आकार सांगता येईल का? 1992 मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांनी आकार वेगळे पण सगळ्या फ्रिक्वेन्सी त्याच अशी जोडी काढून दाखवली. आता इथे सुपरकॉम्प्युटर काय करणार, माहिती सिग्नलमध्येच नाहीये.

आणि उत्तर एकच असलं तरी डेटात जरासा नॉईज आला की ते भलतीकडेच जातं. त्यावर रशियन गणितज्ञ तिखोनोव्हचा उपाय, म्हणजे गुळगुळीत उत्तराला झुकतं माप द्यायचं. छान चालतो, फक्त शोधायची भेगच असेल तर ती पण पुसट होते 😀 मला राग येतो तो हे झुकतं माप किती दिलं ते न सांगता नुसतं सुंदर चित्र छापणाऱ्या पेपरांचा.

शिवाय आत काय असेल याचा आधी एक अंदाज धरून, त्यातून निघणारी लाट खऱ्या सिग्नलशी जुळेपर्यंत तो सुधारत न्यावा लागतो. हा सुरुवातीचा अंदाज लाटेच्या अर्ध्या सायकलपेक्षा जास्त हुकला तर लाटेचं एक शिखर शेजारच्या शिखराशी जुळतं, एरर कमी दिसते आणि मॉडेल साफ चूक. म्हणून आम्ही आधी लो फ्रिक्वेन्सीने सुरुवात करतो, पण फील्ड डेटात बऱ्याचदा नेमका तोच भाग वापरण्याजोगा नसतो.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, एआय? वापरतो की. पण सिग्नलमध्ये नसलेली माहिती तोही ट्रेनिंग डेटातूनच भरतो, म्हणजे झुकतं माप आहेच, फक्त ते समीकरणात लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी आधी विचारते की ट्रेनिंगला काय काय दिलं होतं.