ठकीचं जेवण

आमच्या घरात अंडं येत नाही. केकसुद्धा खोक्यावरचा हिरवा ठिपका बघून घेतला जातो. अशा घरातली मी आज ट्यूना आणि सार्डिनमधल्या फरकावर कुणाशीही तासभर हुज्जत घालू शकते. दोन्हींपैकी एकाचीही चव मला माहीत नाही, पण त्यानं काही अडत नाही.

हे सगळं ठकीमुळे, म्हणजे आमच्या मांजरीमुळे. पावसात पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडली तेव्हा ती मुठीएवढी होती आणि पुढे येईल ते खायची. दूधभात, पोळीचा तुकडा, एकदा तर काकडीची साल. मग कोरड्या दाण्यांची पिशवी आली आणि दोन वर्षं सुखात गेली. गेल्या उन्हाळ्यात तिला लघवीचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, ‘ओलं खाणं सुरू करा, ही पाणी पीतच नाही.’ मांजरांचे पूर्वज वाळवंटातले. त्यांना पाणी मिळायचं ते शिकारीतून, त्यामुळे तहान लागण्याची सवयच कमी. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, डब्यातल्या खाण्यात 75 ते 80. हिशेब सोपा होता. ठकी सोपी नव्हती.

दुकानात गेले तर अख्खी भिंत भरून डबे आणि पाकिटं. चिकन ग्रेव्हीत, चिकन जेलीत, ट्यूना जेलीत, ट्यूनावर कोळंबी, आणि एक नुसतंच ‘ओशन फिश’. म्हणजे समुद्रातला मासा. कुठला, ते समुद्रालाच ठाऊक. मी सहा प्रकार आणले, लग्नाच्या साड्या दाखवायला आणतात तसे.

ठकीनं सहाही बघितले. ग्रेव्ही चाटूनपुसून साफ केली आणि मांसाचे तुकडे बशीत धुतल्यासारखे ठेवून दिले. जेली बोटानं मोडून दिली तर खाल्ली. लगद्यासारखं वाटलेलं असतं ते पाटे नुसतं हुंगलं, आणि मग पुढच्या पंजानं बशीभोवतीची फरशी खरवडायला लागली. नको असलेलं अन्न मांजर असं पुरून टाकायचा अभिनय करतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र अपमान पूर्ण पोचला. फरशीवर माती नव्हती तरी ती बराच वेळ नेटानं पुरत होती.

मग मी वाचायला बसले. गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजरात बिघडलेलं असतं, हे फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं. म्हणजे ठकी श्रीखंडाची वाटी चाटते ती साखरेसाठी नव्हे, चक्क्यासाठी. आणि 2023 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांजरांच्या ट्यूनावेडाची फोड केली: मांसातला जो रुचकरपणा तो चाखणारी यंत्रणा त्यांच्या जिभेवर तयारच असते, आणि ट्यूनात नेमकी तीच द्रव्यं भरपूर. एवढं ज्ञान मिळवून मी ट्यूनाचे डझनभर डबे आणले. ठकीनं चार दिवस खाल्लं. पाचव्या दिवशी पुन्हा फरशी.

डब्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायची सवयही तेव्हाच लागली. सुंदर दिसणाऱ्या, माशाचे तुकडे मोजता येणाऱ्या डब्यांवर बरेचदा लिहिलेलं असतं की हे पूरक अन्न आहे, पूर्ण नव्हे. म्हणजे चटणी-कोशिंबीर, त्यावर रोजचं जेवण भागायचं नाही. टॉरिन नावाचं पोषक द्रव्य आहे का तेही बघायचं, ते कमी पडलं तर मांजराचं हृदय कमजोर होतं. मोठा 400 ग्रॅमचा डबा स्वस्त पडतो, पण एका मांजराला तो संपेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि गारढोण अन्नाला वास नसतो. वास नाही तर ठकीच्या लेखी ते अन्नच नाही. यावर उपाय म्हणजे वाटी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायची. आमच्या फ्रिजमध्ये पुरणाच्या डब्याशेजारी तो डबा असतो, तीन पिशव्यांत गुंडाळून. सासूबाईंनी त्याच्या चमच्याला लाल दोरा बांधलाय, चुकून आमटीत जायला नको म्हणून.

गेल्या रविवारी ठकीनं सकाळचं नाकारलं, दुपारचंही नाकारलं. ‘राहू दे उपाशी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी महिन्याला दोन एकादश्या करते, काही झालं का मला?’ मी त्यांना सांगितलं की मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, जिवावर बेतू शकतं. त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण फाटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सासूबाई पाटावर बसलेल्या. एका हातानं पदर नाकाला, दुसरा हात लांब केलेला, आणि त्या हातात लाल दोऱ्याचा चमचा.

‘खा गं बाई, बघ किती छान...’ त्या अडल्या. मग पदराआडून मला विचारलं, ‘काय आहे गं हे?’

‘बांगडा.’

‘बांगडा छान आहे हो आज,’ त्या ठकीला म्हणाल्या.